थोरलीने धाकटीचा हात धरावा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका महिला डॉक्टरने केलेले भाषण)





संस्थेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा 'मुलींचे शिक्षण' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी त्यांची सूचना होती. विषय चांगला आहे. पण मुलींना शिकवावे की नाही हा प्रश्न आता आपल्या समाजात उरलेला नाही, असे मला वाटते. आताच बक्षिसे वाटली गेली, तेव्हा व्यासपीठाकडे येणाऱ्या रांगेत मुली किती होत्या ते आपण पाहिलेच. म्हणून मी विषय थोडा पुढे नेणार आहे. मुलगी शिकली, डॉक्टर झाली, नर्स झाली. त्यानंतर ती इस्पितळाच्या कोणत्या दारातून आत जाते, आणि आत गेल्यावर तिचा हात कोण धरते, याविषयी मला बोलावयाचे आहे.

इस्पितळाला दारे पुष्कळ असतात. डोळ्यांचा विभाग, त्वचेचा विभाग, बाळंतपणाचा विभाग. आपल्या मुलींना आपण त्या दारांपाशी आनंदाने सोडतो. एक दार मात्र असे आहे की त्याचे नाव काढताच घरातील वडीलधारी माणसे मान हलवितात. ते दार म्हणजे कॅज्युअल्टी, म्हणजेच तातडीचा विभाग. माझे निम्मे आयुष्य त्या दाराच्या आत गेले, म्हणून त्याविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे मी समजते.

या विभागाचे काम काय, हे प्रथम सांगते. आपला जिल्हा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, आणि डोंगर-खाड्यांच्या आड पसरलेल्या वाड्या. मिरकरवाडा, राजिवड्याची माणसे दर्यावर जातात. बागेत, कातळावर, गवतात काम करणाऱ्यांच्या पायाखाली फुरसे असते. फुरसे चावले की पुष्कळदा जखम लहानशीच दिसते आणि घरची माणसे निर्धास्त राहतात. पण त्याचे विष रक्त गोठण्याची शक्तीच घालविते. कॅज्युअल्टीत आम्ही काय करतो? रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतो, वीस मिनिटे नळी न हलविता ठेवतो आणि मग तिरकी करून पाहतो. रक्त गोठले नसेल तर विष अंगात भिनले आहे असे समजून सर्पविषावरील लस ताबडतोब सुरू करतो. या तपासणीला मोठे यंत्र लागत नाही. घड्याळ लागते, आणि त्या नळीकडे लक्ष ठेवणारे माणूस लागते.

विंचवाचेही तसेच. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने पूर्वी कितीतरी लहान मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, त्या दंशाने हृदयावर आणि फुफ्फुसांवर काय परिणाम होतो याचा बारकाईने अभ्यास केला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखविले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही या संशोधनात वाटा आहे. साध्या गावात, साध्या दवाखान्यात झालेले हे काम आज जगभरचे डॉक्टर जाणतात. तेव्हा तातडीची सेवा ही केवळ मोठ्या शहरांची गोष्ट आहे, हा समज आपण सोडून द्यावा.

आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव! हसत-बोलत असलेली बाई अर्ध्या-पाऊण तासात हातची जाऊ शकते. रस्त्यावरचा अपघात, बुडालेले मूल, छातीत कळ आलेला गृहस्थ, हे सर्व त्याच एका दारातून येतात. कोणाला आधी हात लावावयाचा हे ठरविणे, श्वास चालू आहे ना ते प्रथम पाहणे, मग रक्त थांबविणे, मग बाकीचे. हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्या देशात 2009 साली तातडीच्या वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली. एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन यात एम.डी. होता येते. 2014 साली महाराष्ट्रात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. तिच्यात डॉक्टर असतो. 2023 साली आपल्या रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शंभर जागांचे. ज्या शिक्षणासाठी आमच्या पिढीला मुंबई, मिरज, कोल्हापूर गाठावे लागे, ते आज आपल्या सिव्हिल इस्पितळाच्या आवारापर्यंत आले आहे.

मग आपल्या मुली या कामाला का बिचकतात? पालक मला सांगतात, "डॉक्टर, बाकी काहीही चालेल, पण नाईट ड्युटी नको. दारू प्यालेली माणसे येतात, नातेवाईक अंगावर धावून येतात. मुलीच्या जातीला ते काम नव्हे." ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. साऱ्या देशातील डॉक्टर रस्त्यावर आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्या आठवड्यात मला किती बापांचे फोन आले असतील! प्रत्येकाची मुलगी कुठल्या ना कुठल्या इस्पितळात होती. मी त्यांना काय सांगणार? माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

पण याच घरांची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. रात्री दोन वाजता रिक्षातून एक बाई आणतात. शुद्ध नाही, कपडे रक्ताने भिजलेले. स्ट्रेचर आत येताच तिचा भाऊ किंवा नवरा चोहीकडे पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "लेडी डॉक्टर नाही का?" मी पुढे झाले म्हणजे त्याच्या तोंडावर जी सुटका दिसते ती मी शेकडो वेळा पाहिली आहे. बंधूंनो, रात्री दोन वाजता आपल्याला लेडी डॉक्टर हवी असेल, तर कोणाच्या तरी घरची मुलगी रात्री दोन वाजता तेथे उभी असावयास हवी. ती नेहमी दुसऱ्याच्याच घरची असावी, हा कोणता न्याय?

आता या मुलीला तेथे उभे राहता यावे यासाठी काय लागते, ते पाहू. त्यासाठी मी आपणांस शे-दीडशे वर्षे मागे नेते.

1869 साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने काही स्त्रिया वैद्यकीय शिक्षणासाठी विद्यापीठात गेल्या. त्यांत ईडिथ पीची नावाची तरुणी होती. रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिने अव्वल गुण मिळविले, पण तिच्या हक्काची शिष्यवृत्ती, ती स्त्री असल्यामुळे, तिच्याखालच्या विद्यार्थ्याला देण्यात आली. 1870 साली या स्त्रिया परीक्षेला जात असताना जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. शेवटी विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. त्या हरल्या असे वाटले असेल. पण जेक्स-ब्लेकबाईंनी 1874 साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय उभे केले, आणि पीचीबाई परदेशात परीक्षा देऊन 1877 साली डॉक्टर झाल्या.

याच डॉ. पीची 1883 च्या अखेरीस मुंबईस आल्या. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांनीच चालवावयाचे रुग्णालय मुंबईत उभे राहत होते. पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी गृहस्थांनी त्यासाठी देणगी दिली होती. त्या रुग्णालयाबरोबर जाफर सुलेमान यांच्या नावाचा स्त्रियांचा दवाखानाही होता. पारशी दाता, मुसलमान दाता, इंग्रज डॉक्टरीण आणि रुग्ण सर्व जातीधर्मांच्या बाया! कामा रुग्णालय 1886 साली सुरू झाले. डॉ. पीचींनी तेथे केवळ रोगी तपासले नाहीत, तर नर्सेसच्या शिक्षणाचीही सोय केली.

त्याच वेळी मुंबईत रखमाबाई नावाची एक तरुणी कोर्टात उभी होती. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्यास तिने नकार दिला होता. 1887 साली कोर्टाने तिला सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली आणि ती मोकळी झाली. परंतु मोकळी होऊन करावयाचे काय? तिला डॉक्टर व्हावयाचे होते. डॉ. पीचींनी तिला धीर दिला. विलायतेत राहण्याची, खर्चाची व्यवस्था करणारी माणसे पुढे आली, आणि 1889 साली रखमाबाई लंडनला गेल्या. कोठे शिकल्या? जेक्स-ब्लेकबाईंनी उभ्या केलेल्या त्याच विद्यालयात. 1894 साली त्या डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व पुढे राजकोट येथे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे सेवा केली. 1955 साली, वयाच्या नव्वदीनंतर, त्या वारल्या.

या हकिकतीतला दुवा आपल्या ध्यानात आला असेल. एकीला दार बंद झाले, तिने दुसरे दार बांधले. दुसरी त्या वाटेने शिकून मुंबईत आली. तिने तिसरीला त्याच दाराशी पाठविले. तिसरी सुरतेला गेली आणि तिच्या हाताखाली किती बायांची सुटका झाली याची गणती नाही. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पण फेब्रुवारी 1887 मध्ये, रुग्णसेवा सुरू करण्याआधीच, त्यांना मृत्यूने गाठले. शाळेत आपण त्यांचे नाव शिकतो, आणि ते योग्यच आहे. मात्र मागून येणारीचा हात धरण्याइतके आयुष्य त्या माउलीला मिळाले नाही, ही हळहळ राहते.

त्याच कामा रुग्णालयात 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री काय झाले, हे येथील पालकांना आठवत असेल. अतिरेकी आवारात शिरले, दोन पहारेकरी मारले गेले. गरोदर स्त्रियांच्या कक्षात त्या रात्री अंजली कुलथे या परिचारिका ड्युटीवर होत्या. त्यांच्या हवाली वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद केली, दिवे मालविले, आणि साऱ्या बायांना एका लहानशा खोलीत नेऊन बसविले. त्यांतील एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले. सर्व जणी वाचल्या. डिसेंबर 2022 मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ही हकिकत सांगितली. 'मुलीच्या जातीला नाईट ड्युटी नको' असे म्हणणाऱ्यांनी त्या वीस बायांपैकी एखादीला विचारावे.

आता माझी स्वतःची गोष्ट. मी पदवी घेऊन एका मोठ्या शहरातील इस्पितळात काम करू लागले, त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. पहिल्याच आठवड्यात, रात्री, बाळंतपणानंतर रक्त थांबत नसलेली एक बाई आली. पुस्तकातले सगळे मला पाठ होते, पण हात हलेना. माझ्या मागे एक वयस्कर सिस्टर उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. माझा हात धरून त्यांनी बाईच्या पोटावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, इथे चोळा. गर्भाशय घट्ट लागेपर्यंत हात काढू नका. सलाईन मी लावते, दोन्ही हातांना." बाई वाचली. पहाटे त्यांनी मला चहा दिला आणि म्हटले, "आता एकदा उजळणी करू. आधी काय करायचं होतं?" त्या चहाच्या कपाबरोबर मी जे शिकले ते कोणत्याही व्याख्यानात शिकले नव्हते. मी या विभागात टिकले त्याचे श्रेय त्या सिस्टरांना आहे.

पण दुसरी एक गोष्ट आहे. ती मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही. दोन वर्षांनी त्याच विभागात एक मुलगी आली. आपल्याच बाजूची, आपल्याच समाजातली, हुशार. एके दिवशी सलग तीस तास काम केल्यावर तिने रक्ताच्या बाटलीवर चुकीचे नाव लिहिले. चूक वेळीच ध्यानात आली, रुग्णाला इजा झाली नाही. पण वरिष्ठांनी तिला नातेवाइकांदेखत, सर्वांसमक्ष फाडून खाल्ले. मी पाच हातांवर उभी होते. नंतर ती बेसिनपाशी तोंड धूत रडत होती, तेही मी पाहिले. माझ्या मनात आले, 'आम्हीही हे सोसले, हीही शिकेल.' आणि मी माझ्या रुग्णाकडे वळले. मला कोणी हात दिला होता, हे त्या क्षणी मी सोयिस्करपणे विसरले.

तिसऱ्या महिन्यात तिने राजीनामा दिला. कारण लिहिले होते, 'घरगुती अडचण'. घरच्यांनी तिला अडविले नव्हते, हे मला ठाऊक होते. उलट तिच्या वडिलांनी आखातात राबून तिची फी भरली होती. पुढे तिने डॉक्टरकी सोडूनच दिली असे कानावर आले. एक कप चहा आणि चार शब्द, एवढेच माझ्याकडून लागत होते. मुलींनो, समाजाने अडविलेल्या मुलींविषयी आपण पुष्कळ बोलतो. पुढे गेलेल्या आम्हा बायकांनी मागे वळून न पाहिल्यामुळे किती जणी गळाल्या, याचाही हिशेब कधीतरी मांडला पाहिजे. माझ्या खात्यावर निदान एक आहे.

म्हणून आज मी काही ठोस सूचना करते.

पहिली सूचना माझ्यासारख्या कमावत्या स्त्रियांना. डॉक्टर असा, नर्स असा, रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या असा. प्रत्येकीने एक धाकटी निवडावी, एकच. केवळ 'खूप अभ्यास कर' असे सांगून थांबू नये. तिच्या पहिल्या रात्रपाळीच्या आधी तिला फोन करावा, आणि ती संपल्यावर पुन्हा करावा. तिच्या हातून चूक झाली तर ती सुधारावी, पण चारचौघांत तिचा पाणउतारा होऊ देऊ नये. तिचे काम चांगले असेल तर वरिष्ठांपुढे तिचे नाव घ्यावे. स्वतःच्या चुका तिला सांगाव्यात. त्या ऐकूनच तिला धीर येईल.

दुसरी सूचना पालकांना. मुलीला रात्रपाळी नको म्हणण्यापूर्वी एकदा तिच्या इस्पितळात जा. महिला डॉक्टरांची विश्रांतीची खोली कोठे आहे, तिला आतून कडी आहे काय, वाटेत दिवे आहेत काय, पहारा आहे काय, जाण्यायेण्याची सोय काय, हे विचारा. नसेल तर दहा पालकांनी मिळून अर्ज द्या. मुलीला घरी बसविल्याने खोलीला कडी लागत नाही. आणि आयांनो, सुनेच्या नाईट ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी तिला दुपारी चार तास झोपू द्या. तुमच्या या मदतीचे मोल कोणत्याही शिष्यवृत्तीहून कमी नाही.

तिसरी सूचना संस्थेला. आपल्या शाळेतून शिकून वैद्यकीय क्षेत्रात गेलेल्या मुलींची एक नोंदवही करावी. दहावी-बारावीच्या मुलींशी वर्षातून दोनदा त्यांची गाठ घालून द्यावी. डॉक्टरकीची जागा सर्वांनाच मिळत नाही. म्हणून नर्सिंग आणि रुग्णवाहिका-सेवकांचे अभ्यासक्रम यांचीही माहिती त्याच बैठकीत मिळावी. नर्सिंग म्हणजे कमी प्रतीचे काम, हा समज मनातून काढून टाका. माझा हात ज्यांनी धरला त्या सिस्टरच होत्या.

चौथी सूचना विद्यार्थ्यांना, मुलगे आणि मुली दोघांनाही. 108 हा क्रमांक पाठ करा. कोणी बेशुद्ध पडले आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे, हे प्रत्यक्ष करून शिका. साप चावला तर ब्लेडने कापू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात-पाय न हलविता रुग्णाला इस्पितळात आणा. यासाठी डॉक्टर व्हावे लागत नाही. पण हे शिकताना ज्या मुलीचे डोळे चमकतील, तिचे नाव मला कळवा.

माझे निवृत्तीचे दिवस जवळ आले आहेत. हाताखालून गेलेल्या रुग्णांची संख्या मी कधी मोजली नाही. आता मात्र मी दुसरी एक गणती सुरू केली आहे. गेल्या काही वर्षांत मी सात मुलींच्या पहिल्या रात्रपाळीच्या आदल्या संध्याकाळी फोन केला. सातापैकी सहा जणी अजून त्या कामात आहेत. आज सभागृहात बसलेल्यांपैकी आठवी कोण, ते मला ठाऊक नाही. तिने कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे. मी दाराशीच उभी असेन.